कपाटातल्या खालच्या कप्प्याबद्दल

आदरणीय बाई,

सविनय नमस्कार.

आपल्या निरोप समारंभात मला दोन वाक्यांपुढे बोलता आले नाही. राहिलेले आज लिहीत आहे आणि इतर शिक्षकांनीही ते वाचावे म्हणून उघडपणे लिहीत आहे.

भाऊसाहेब बांदोडकर १९६३ मध्ये मुख्यमंत्री झाल्यावर गोव्यात गावोगावी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, त्यांतलीच सत्तरी तालुक्यातली आपली एक. मी तिथे रुजू झाले ती ऐन जूनमध्ये. वाळपईहून कदंब बसने फाट्यापर्यंत आणि पुढे वीस मिनिटे चालत, अशी वाट असल्यामुळे शाळेत पोहोचेपर्यंत साडीचा काठ तांबड्या चिखलाने वीतभर माखलेला असे. पहिल्याच पालकसभेत एका सदस्याने, "पूर्वीच्या बाई कशा टापटीप असायच्या," असे म्हणत माझ्या पायांकडे पाहिले. आपण शांतपणे हजेरीपट मिटलात आणि त्यांनाच विचारलेत, "फाट्यापासूनचा रस्ता पंचायतीत कोण मांडणार?"

दुसऱ्या दिवशी आपण कार्यालयातल्या कपाटाचा खालचा कप्पा रिकामा करून दिलात, त्यात टॉवेल आणि आपली स्वतःची निळी साडी ठेवलीत आणि पावसाचे चार महिने सलवार-कमीज घालून येण्यास सांगितलेत. काही ज्येष्ठ सहकाऱ्यांना ते रुचले नव्हते, हे मला नंतर कळले. अर्थात हे लाड नव्हते. एकदा मी चुरगळलेला कुर्ता घालून आले, तेव्हा "फळ्यावर लिहिताना मुलांना तुमची पाठच दिसत असते," एवढेच आपण म्हणालात; त्या रात्रीपासून मी पाठीमागूनही इस्त्री करू लागले.

माझी चूकही इथे सांगितली पाहिजे. माध्यान्ह आहाराची पाव-भाजी घेऊन येणाऱ्या बाईंना, त्या मॅक्सीवर खांद्याला टॉवेल टाकून आल्या होत्या म्हणून, मी सहज 'अगं' म्हणून हाक मारली. आपण त्यांच्यासमोर मला काहीच बोलला नाहीत, फक्त स्वतः उठून त्यांना खुर्ची दिलीत आणि "बसा, दमला असाल," म्हणालात. पहाटेपासून चुलीपुढे उभ्या असलेल्या बाईंना घाम पुसायला टॉवेल लागणारच, हे मला त्या क्षणापर्यंत सुचले नव्हते.

मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने शिक्षकांच्या पोशाखाबद्दल सूचना काढल्या. जीन्स आणि टी-शर्ट नको, पुरुषांचा शर्ट खोचलेला हवा, वगैरे. आमच्या शिक्षक-खोलीत त्यावर बराच वाद रंगला. मला नीटनेटकेपणाच्या नियमाचे वावडे नाही. पण भिजून आलेल्या माणसाने कपडे कुठे बदलायचे, हे नियम काढणाऱ्यांपैकी कोणी विचारतो का, एवढेच मी त्या दिवशी विचारले, आणि तो प्रश्न आपलाच होता.

आपली निळी साडी अजून माझ्याकडेच आहे. धुऊन, इस्त्री करून ठेवली आहे. चतुर्थीला आपल्याकडे येईन तेव्हा घेऊन येते.

आपली कृतज्ञ,
एक सहशिक्षिका