‘माहीत होते’ हे सिद्ध कोण करणार?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमली पदार्थांच्या खटल्यात शिक्षा झालेला आरोपी अपिलात सुटला, की बातमीत बहुधा ‘तांत्रिक कारणावरून सुटका’ असे छापून येते. सील जुळले नाही, अंगझडतीच्या नोटिशीत चूक राहिली, अशा मुद्द्यांना कोणी तांत्रिक म्हटले तर एक वेळ समजू शकते. पण ‘गाडीत काय आहे ते आरोपीला ठाऊक होते, हे सिद्ध झाले नाही’ या कारणावरही तोच शिक्का बसतो. त्याला आमची हरकत आहे. ठाऊक असणे हाच या गुन्ह्याचा गाभा आहे. तो काढून घेतला तर समोर उरतो तो दुसऱ्याचा माल भाड्याने वाहून नेणारा एक ड्रायव्हर.

एनडीपीएस कायदा, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचा केंद्रीय कायदा, १४ नोव्हेंबर १९८५ पासून लागू झाला. गांजा २० किलोंच्या वर, चरस १ किलोच्या वर, हेरॉइन २५० ग्रॅमच्या वर आणि एमडी म्हणजे मेफेड्रोन ५० ग्रॅमच्या वर गेले की ते ‘व्यापारी प्रमाण’ होते. मग किमान १० वर्षे सक्तमजुरी आणि किमान १ लाख रुपये दंड. न्यायाधीशांना त्याखाली उतरताच येत नाही. कलम ३७ मुळे जामीनही जवळपास मिळत नाही.

एवढ्या कडक कायद्यात सरकार पक्षाच्या हाती दोन गृहीतके दिली आहेत. माल आरोपीच्या ताब्यात होता हे दाखवले आणि त्याला समाधानकारक खुलासा देता आला नाही, तर कलम ५४ त्याच्याविरुद्ध जाते. कलम ३५ म्हणते की आरोपीला जाणीव होती असे न्यायालयाने धरून चालावे, ती नव्हती हे त्याने दाखवावे. इथवर सगळ्यांना पाठ असते. घोटाळा होतो तो क्रमात. नूर आगा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली ही दोन्ही कलमे घटनेत बसतात असे सांगितले, पण त्याच निकालात हेही सांगितले की गृहीतक आपोआप लागू होत नाही. ताब्याची पायाभूत वस्तुस्थिती सरकार पक्षाने आधी निःसंशय सिद्ध करायची, त्यानंतरच ओझे आरोपीकडे सरकते. आणि ते ओझेही संभाव्यतेच्या पारड्याने तोलायचे, म्हणजे आरोपीचे म्हणणे अधिक संभवनीय दिसले तरी पुरे, असे त्या निकालात म्हटले आहे. कलम ३५(२) चा मजकूर याहून कडक, म्हणजे निःसंशय पुरावा मागणारा, असल्यामुळे खालच्या न्यायालयांत इथे वारंवार अडखळायला होते. कित्येक निकालपत्रांत पहिली पायरी दोन ओळींत उरकलेली असते आणि पुढची दहा पाने ‘आरोपीने खुलासा दिला नाही’ यावर असतात.

प्रत्यक्षात हे कसे बिघडते ते ट्रकच्या उदाहरणाने सांगतो. ओडिशा-आंध्रच्या सीमाभागातला गांजा तेलंगणातून महाराष्ट्रात येतो तो बहुतेक वेळा इतर मालाखाली, नाही तर केबिनच्या मागे पत्रा ठोकून केलेल्या चोरकप्प्यात. ट्रक अडवला जातो, ६० किलो गांजा निघतो, ड्रायव्हर आणि क्लीनर अटकेत जातात. पंचनाम्यात वाक्य पडते : ‘आरोपींच्या ताब्यातील ट्रकमध्ये माल मिळून आला.’ अपिलात हे वाक्य टिकत नाही. कप्पा नेमका कुठे होता, किती लांब-रुंद होता, उघडायला पाना लागला की हाताने उघडला, कुलूप असेल तर किल्ली कोणाच्या खिशात मिळाली, यातले काहीच त्यात नसते. पुडकी उघडण्याआधी केबिनमध्ये वास येत होता का, हा अगदी साधा प्रश्नही राहून जातो. प्लॅस्टिक आणि चिकटपट्टीचे थरावर थर देऊन घट्ट बांधलेल्या गांजाचा वास बाहेर येईलच असे नाही. म्हणून तो आला की नाही हे त्याच क्षणी लिहायला हवे. दोन वर्षांनी साक्षीच्या पिंजऱ्यात कुणी ‘उग्र वास येत होता’ म्हणाले, तर बचावाचा वकील पंचनामा पुढे करून ‘हे इथे का नाही?’ एवढेच विचारतो आणि तो मुद्दा तिथेच संपतो.

बिल्टीचे, म्हणजे ट्रकमधल्या मालाच्या वाहतूक पावतीचेही तसेच. माल कुठे भरला, कोणाच्या नावाने, वजन किती, हे तिच्यावर असते. काट्यावरचे वजन आणि बिल्टीवरचे वजन यांत फरक असेल, नेहमीचा रस्ता सोडून ट्रक ८० किलोमीटर आडवाटेने गेल्याचे फास्टॅगवरून दिसत असेल, भाडे नेहमीच्या तिप्पट ठरले असेल, तर जाणिवेचा पुरावा यातूनच उभा राहतो. माणसाच्या मनात काय होते ते थेट दाखवता येत नाही, त्याच्या वागण्यातून दाखवावे लागते. पण बिल्टी जप्त होत नाही, ट्रान्सपोर्टवाल्याचा जबाब होत नाही, ट्रकमालकाला साक्षीला बोलावले जात नाही. मग ज्याने कप्पा करून घेतला तो दोषारोपपत्रात ‘पाहिजे आरोपी’ म्हणून राहतो आणि सहा महिन्यांपूर्वी कामाला लागलेला क्लीनर १० वर्षांची शिक्षा भोगतो. क्लीनरचा प्रश्न तर वेगळाच तपासायला हवा. गाडीची चावी त्याच्याकडे नसते, भाडे तो ठरवत नाही, माल भरताना बहुधा त्याला कोणी विचारत नाही.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल शेजारी ठेवून वाचले तर फरक स्वच्छ दिसतो. अवतार सिंग प्रकरणात (२००२) ट्रकमध्ये अफूच्या बोंडांच्या चुऱ्याच्या गोण्या होत्या आणि त्यांवर माणसे बसली होती. गोण्यांवर बसणे म्हणजे ताबा नव्हे, असे सांगून न्यायालयाने शिक्षा रद्द केली. मदनलाल प्रकरणात (२००३) खासगी मोटारीत ८२० ग्रॅम चरस सापडला आणि आतल्या पाचही जणांची शिक्षा कायम राहिली, कारण ते एकमेकांचे ओळखीचे होते, सोबत निघाले होते आणि गाडी सार्वजनिक वाहन नव्हती. आपल्या बाजूला सोयीचा तेवढाच एक निकाल वाचून दाखवायचा, ही सवय सरकारी वकिलांना आहे तशी बचावाच्या वकिलांनाही आहे. खरे काम असते ते प्रत्येक आरोपीचे मालाशी, गाडीशी आणि उरलेल्यांशी काय नाते होते ते वेगवेगळे तपासण्याचे.

आता कलम २९, म्हणजे अपप्रेरणा (दुसऱ्याला गुन्ह्यासाठी उद्युक्त करणे किंवा साथ देणे) आणि कट. या कलमाखाली आरोपीकडे एक ग्रॅमही सापडावा लागत नाही, गुन्हा प्रत्यक्ष घडावाही लागत नाही, आणि शिक्षा मूळ गुन्ह्याइतकीच. म्हणूनच इथे पुरावा जास्त काटेकोर हवा, पण बहुधा तो सर्वांत पातळ असतो. अपप्रेरणा तीन प्रकारे होते : चिथावणी, कट आणि सहाय्य. भारतीय न्याय संहितेच्या कलम ४५ मध्ये, जुन्या दंड संहितेच्या १०७ मध्ये, ही व्याख्या आहे. सहाय्याच्या बाबतीत एखाद्या कृत्यामुळे गुन्ह्याला मदत झाली, एवढे पुरत नाही. मदत व्हावी या उद्देशानेच ते केले होते हे दाखवावे लागते. खोली भाड्याने देणारा, गाडी बुक करून देणारा, मित्राच्या सांगण्यावरून यूपीआयने पैसे पाठवणारा, या प्रत्येकाला हा प्रश्न लागू आहे. कलम २५ मध्ये जागा वा वाहन ‘जाणूनबुजून’ वापरू देणे असा शब्द मुद्दाम घातला आहे, तो दोषारोप ठेवताना गाळला जातो.

कलम २९ चे आरोपी बहुतेक वेळा ‘तपासात नाव निष्पन्न झाले’ म्हणून येतात. निष्पन्न कशातून होते? पकडलेल्या माणसाच्या जबाबातून. तोफान सिंग प्रकरणात २९ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने ठरवले की कलम ५३ खाली तपासाचे अधिकार मिळालेले अधिकारी हे पोलिसच, त्यामुळे कलम ६७ खाली त्यांनी घेतलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही. त्याआधी झालेल्या शिक्षांची अपिले अजून सुनावणीला येतात, तेव्हा तो जबाब बाजूला ठेवून मागे काय उरते ते पाहावे लागते. पुष्कळदा उरतो तो सीडीआर, म्हणजे मोबाइल कंपनीकडची कॉलची नोंद.

सीडीआर सांगतो की दोन नंबरांत ४२ वेळा बोलणे झाले. काय बोलणे झाले ते तो सांगत नाही. त्याला वजन यायचे तर सिम कोणाच्या नावावर होते, हँडसेट कोणाकडून जप्त झाला, त्याचा आयएमईआय (हँडसेटचा ओळख क्रमांक) रेकॉर्डशी जुळतो का, माल भरला त्या रात्री टॉवर कुठला होता, ही साखळी लागते. वर प्रमाणपत्र. खोतकर विरुद्ध गोरंट्याल हा २०२० चा निकाल आपल्या जालन्याच्या निवडणूक वादातला. त्याने इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी साक्ष कायद्याच्या कलम ६५ब चे प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे ठाम केले. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ ने घेतली आहे आणि त्यात हॅश व्हॅल्यूही (फाइलमध्ये फेरफार झाला नाही हे तपासण्याचा अंक) नोंदवावी लागते. खटला चालू असेपर्यंत राहिलेले प्रमाणपत्र मागवता येते. अपिलात ते जोडू द्यावे असा अर्ज झाला तर तपासातले भोक बुजवण्यासाठी न्यायालय परवानगी देईलच असे नाही. व्हॉट्सअ‍ॅपचे नुसते स्क्रीनशॉट तर आणखी कच्चे. आर्यन खानला अटक झालेल्या क्रूझ प्रकरणात २०२१ च्या जामीन आदेशात मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटले होते की एकाच जहाजावर असणे म्हणजे कट नव्हे. कटाला मनांचा मेळ लागतो आणि तो दाखवणारे काहीतरी कागदावर असावे लागते.

सर्वांत जास्त हळहळ वाटते ती न्यायालयात घेतल्या जाणाऱ्या आरोपीच्या जबाबाबद्दल. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३१३, नव्या नागरिक सुरक्षा संहितेचे ३५१. त्याच्याविरुद्ध जी परिस्थिती वापरायची ती त्याला प्रश्न करून सांगायची, त्याचे उत्तर लिहून घ्यायचे. प्रश्नपत्रात पंचनामा, नमुने, रासायनिक अहवाल यांवर ५० प्रश्न असतात. ‘कप्प्याची किल्ली तुमच्या खिशात मिळाली, याबद्दल काय म्हणणे आहे?’ हा प्रश्न नसतो. ज्या एका गोष्टीवर सगळे गृहीतक उभे, तीच विचारलेली नाही, आणि निकालात मात्र ‘खुलासा दिला नाही’. अवतार सिंग प्रकरणातही ताब्याबद्दलचा प्रश्न विचारला न जाणे आरोपींच्या बाजूने गेले. खरे तर प्रश्न तयार करताना दोन्ही बाजूंच्या वकिलांची मदत घेण्याची सोय कायद्यात २००९ पासून आहे. विशेष न्यायालयांनी ती दर खटल्यात वापरावी, एवढी साधी आमची मागणी आहे.

जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार करावे लागते. त्यात कॅमेरा जप्त मालाच्या ढिगावरच फिरत राहू नये. चोरकप्पा बंद असताना कसा दिसत होता आणि कोण कुठे बसले होते ते आधी टिपावे. आणि आपल्या वार्ताहरांना विनंती, की ‘६० किलो गांजा जप्त, दोघे अटकेत’ अशी बातमी देताना माल गाडीत नेमका कुठे होता आणि पाठवणाऱ्याचा माग लागला का, हे दोन प्रश्न अधिकाऱ्यांना त्याच दिवशी विचारावेत.

आपले,
फौजदारी अपिले चालवणारे काही वकील,
छत्रपती संभाजीनगर