दोष फ्लॉपीचा की ड्राइव्हचा?

महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला जुन्या फ्लॉपींवरचा लेख वाचला. 'वाचली जात नसेल तर फ्लॉपी बाद समजा आणि फेकून द्या' हा त्यातला सल्ला मला पटला नाही. वर्कस्टेशनच्या, म्हणजे व्यावसायिक कामाच्या ताकदवान संगणकांच्या, दुरुस्तीत माझी सोळा वर्षं गेली. बाद ठरवून माझ्याकडे आलेल्या कितीतरी फ्लॉपी शेजारच्या ड्राइव्हमध्ये (फ्लॉपी वाचणाऱ्या यंत्रात) घातल्या की मुकाट्याने उघडायच्या.

ड्राइव्हचा मुख्य शत्रू धूळ. आतला पंखा हवा बाहेर फेकतो, तिची जागा घ्यायला बाहेरची हवा फ्लॉपीच्या फटीतूनच आत शिरते आणि धूळ थेट हेडवर, म्हणजे फ्लॉपी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या भागावर, बसते. त्यातून एखादी बुरशी लागलेली फ्लॉपी घातली की तिचा थर हेडला चिकटतो आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीवर ओरखडे उठतात. 'ही नाही चालली, ती बघू' असं करत लोक अख्खा डबा एका बसणीत खराब करतात! एक फ्लॉपी अडली की थांबावं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने हेड पुसावं, पण वरच्या हेडची दांडी उचलू नये. ती एकदा वाकली की ड्राइव्ह गेलाच.

दुसरं दुखणं हेड सरकण्याचं. साडेतीन इंची फ्लॉपीच्या प्रत्येक बाजूला 80 ट्रॅक, म्हणजे माहिती लिहिण्याची वर्तुळं, दाटीने असतात. हेड जरासं सरकलं तरी तो ड्राइव्ह स्वतः लिहिलेलं बिनबोभाट वाचतो, दुसऱ्याचं मात्र वाचत नाही. म्हणून फ्लॉपी ज्या यंत्रावर लिहिली ते अजून अडगळीत असेल, तर आधी त्याच्यावरच वाचून बघा.

केबलने तर मला स्वतःला फसवलंय. ड्राइव्हचा दिवा सुरू केल्यापासून विझेचना. मी एकामागून एक तीन ड्राइव्ह बदलले, आणि शेवटी लक्षात आलं की 34 तारांची पट्टी मीच उलटी खोचली होती. त्याच पट्टीतली 34वी तार फ्लॉपी बदलल्याचं संगणकाला कळवते. ती तुटली तर नवी फ्लॉपी घातली तरी पडद्यावर आधीच्याच फायलींची यादी दिसते. अशा वेळी चुकूनही काही सेव्ह करू नये, जुन्या यादीच्या हिशोबाने नव्या फ्लॉपीवर लिहिलं जातं.

सन कंपनीच्या स्पार्कस्टेशन या वर्कस्टेशनची गंमत निराळी. फ्लॉपी काढायला बटणच नाही, 'इजेक्ट' अशी आज्ञा द्यायची. त्यावरच्या सोलारिस या ऑपरेटिंग सिस्टीमला नवी फ्लॉपी आपणहून कळायची नाही, 'व्होलचेक' टाइप करावं लागे. कोणी त्या फ्लॉपीची डिरेक्टरी (फोल्डर) उघडून तिच्यातच बसून राहिला असेल तर यंत्र ती सोडायचंच नाही. मग लोक सरळ केलेली पेपरक्लिप घेऊन पुढच्या बारीक छिद्रात खुपसायचे. अरे, आधी त्या डिरेक्टरीतून बाहेर तरी या!

लेखात एक गोष्ट राहिली. जुनी फ्लॉपी घालण्याआधी कोपऱ्यातली पट्टी सरकवून खिडकी उघडी करावी, म्हणजे तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही. विंडोज 'फॉरमॅट करू का?' असं विचारतं, तेव्हा घाईत 'हो' दाबलं गेलं तरी फ्लॉपी शाबूत राहते.

आपला,
वर्कस्टेशन दुरुस्तीतला एक निवृत्त तंत्रज्ञ