ग्रिलमध्ये बॉयलरचे पेलेट कशाला?

संपादक महाशय, स.न.वि.वि.

हल्ली आपल्या वडोद्यात गच्चीवर पेलेट ग्रिल (म्हणजे लाकडाचा चुरा दाबून केलेल्या छोट्या कांड्या, पेलेट, जाळून धुरावर शिजवणारी शेगडी) दिसायला लागलेत, पनीर, चिकन, वांगी सगळं स्मोक करतात, छानच आहे, पण पेलेट कुठले घालतात ते कुणी बघत नाही. परवा एका दुकानदाराने मला फॅक्टरीच्या बॉयलरचे पेलेट दाखवले, म्हणे लाकूड ते लाकूडच! अहो, त्यात शेंगांची टरफलं, भुसा, कधी प्लायवूडचा चुरासुद्धा असतो, म्हणजे डिंक-केमिकलचा धूर थेट खाण्यात.

स्वयंपाकाचे पेलेट १०० टक्के हार्डवूडचे, म्हणजे रुंद पानांच्या झाडांच्या लाकडाचे पाहिजेत, ओक, हिकरी, सफरचंद, चेरी असे. त्यात वेगळा गोंद लागत नाही, दाब आणि उष्णतेने लाकडातलं लिग्निन हे नैसर्गिक द्रव्यच मऊ होऊन धरून ठेवतं. पाईन वगैरे नकोच, राळेमुळे काजळी धरते आणि चव कडू होते. पिशवीवर मोठ्ठं 'हिकरी' लिहिलेलं असलं तरी मागची बारीक अक्षरं वाचा, बरेचदा बेस, म्हणजे मुख्य लाकूड, ओकचा किंवा अल्डरचा निघतो, तो काही वाईट नाही पण मग हिकरीचे पैसे का द्यायचे? चांगला पेलेट वरून गुळगुळीत, थोडा चकाकतो, मोडला की कट्कन तुटतो. बोटाने चुरा झाला किंवा पिशवीच्या तळाशी भुसाच भुसा असला तर सरळ परत करा. आणि पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यातच ठेवा, ओल लागली की फुगून ऑगरमध्ये (पेलेट आगीकडे ढकलणाऱ्या स्क्रूमध्ये) अडकतात. भरताच्या वांग्याला सफरचंदाचा हलका धूर मस्त लागतो, हिकरी जरा जास्तच होते.

दुकानदारांनी निदान स्वयंपाकाचे आणि बॉयलरचे पेलेट वेगळे ठेवावेत.

एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा