तुमच्या लिफ्ट किटच्या कागदात पाचर उलटी दाखवलीय

प्रति,
कस्टमर केअर विभाग

विषय: जीपच्या पुढच्या लिफ्ट किटमधली चुकीची माहिती आणि फुटलेली पाचर

नमस्कार साहेब,

तुमच्याकडून जुन्या जीपचा पुढचा लिफ्ट किट मागवला होता, लांब शॅकल (पाट्याचं, म्हणजे लीफ स्प्रिंगचं, टोक चेसिसला जोडणाऱ्या पट्ट्या), पाटा ऍक्सलला आवळणारे यू-बोल्ट आणि तीन अंशाच्या दोन कॅस्टर पाचरी (पाटा आणि ऍक्सलच्या मध्ये बसणारे तिरपे तुकडे). ऑर्डर नंबर परत लिहीत नाही, कारण त्याच नंबरवर तुमचं ठरलेलं उत्तर येतं की "कृपया व्हील अलाइनमेंट करून घ्या". अहो केलं ना अलाइनमेंट! त्याच्यामुळेच तर तुमची चूक सापडली.

आधी गाडी कशी चालायची ते सांगतो. मी यावल तालुक्यातला, केळीची शेती आहे, सातपुड्याकडच्या नाल्या-खडकातून जीप लागतेच म्हणून उंच करायची होती. किट बसवल्यावर जागेवर स्टिअरिंग एकदम हलकं झालं, मला वाटलं वा काय मस्त, पण अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रोडला लागलो आणि गाडी सरळ जाईचना, सारखं डावं-उजवं धरत बसायचं, समोरून केळीचा ट्रक गेला की त्याच्या वाऱ्याने जीप बाजूला सरकायची, आणि वळण घेतल्यावर स्टिअरिंग सोडलं तर चाकं तशीच तिरकी, परत सरळ होण्याचं नावच नाही. घरचे बसायला तयार नाहीत गाडीत.

जळगावला अलाइनमेंटवाल्याने चाकं फिरत्या प्लेटवर घेतली, वीस अंश इकडे, वीस अंश तिकडे वळवून कॅस्टर, म्हणजे चाक ज्या किंग पिनवर वळतं तिचा पुढे-मागे झुकाव, मोजला, आला मायनस दोन. किंग पिनचं वरचं टोक मागे झुकलेलं पाहिजे, सायकलचा फोर्क तिरपा असतो म्हणून हात सोडले तरी ती सरळ जाते तसं, आणि इथे ते पुढे झुकलेलं. त्याने मशीन बंद केलं आणि म्हणाला, "भो, अख्ख्या ऍक्सलच्या गाडीत मी फक्त टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर किती ते, फिरवू शकतो, कॅस्टर खालून पाट्यापाशी बघा."

खालून बघितलं तर पाचरीची जाड बाजू मागे. तुमच्या कागदावर तसंच चित्र आहे. आता हे नीट वाचा, कारण तुमच्या टेक्निकल माणसालाही कळलेलं दिसत नाही. पाटा ऍक्सलच्या वर असेल तर जाड बाजू मागेच येते, बरोबर आहे. पण माझ्या जीपला पाटा ऍक्सलच्या खाली आहे, म्हणजे जाड बाजू पुढे पाहिजे, तेव्हा ऍक्सलची पुढची कड उचलली जाते आणि किंग पिन मागे झुकतो. लांब शॅकलने आधीच पाट्याचं पुढचं टोक खाली जाऊन कॅस्टर कमी झालेला, तो भरून काढायलाच तुम्ही पाचर देता ना? मग तुमच्या कागदाने तो भरायच्या ऐवजी अजून खाल्ला. आणि किट विकताना गाडीचं मॉडेल तुम्हीच विचारलं होतं, वेबसाईटवर त्याच जीपचं नाव आहे.

पाचरी काढल्या तर दुसरा घोळ. एकीला सेंटर बोल्टच्या भोकापासून कडेपर्यंत तडा. जाहिरातीत "मजबूत स्टील" लिहिलंय, मी चुंबक लावलं, चिकटलंच नाही, म्हणजे बहुतेक ऍल्युमिनियम! यू-बोल्टखाली दाबली जाणारी वस्तू आहे ही, कपाटाखाली लावायची नाही.

शेवटी लेथवाल्याकडून लोखंडी पाचरी करून घेतल्या, तेवढ्याच तीन अंशाच्या, जाड बाजू पुढे करून बसवल्या. कॅस्टर प्लस चार आला, म्हणजे फरक सहा अंशांचा, बरोबर पाचरीच्या दुप्पट. दुसरं काहीच बदललं नाही, त्यामुळे दोष कुठे होता हे वेगळं सांगायला नको. स्टिअरिंग थोडं जड झालं पण वळणानंतर आपोआप सरळ येतं. फक्त आता पिनियनचं तोंड (ऍक्सलला प्रोपेलर शाफ्ट जोडतो ते) खाली गेलंय, फोर बाय फोर टाकल्यावर पुढच्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर, म्हणजे सांध्यावर, कोन जास्त पडतो, याबद्दलही तुमच्या कागदात एक ओळ नाही.

मला पाचरींचे पैसे, दोन वेळच्या फिटिंगची मजुरी, अलाइनमेंट आणि लेथचं बिल परत पाहिजे, बिलं जोडलीत. आणि तो कागद आजच दुरुस्त करा, पाटा वर की खाली याची दोन वेगळी चित्रं द्या, हे किट घेतलेल्या बाकीच्या लोकांनाही मेसेज करा, कारण हायवेला एखादा उलटायचा.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्यात करायचं असतं. नाही झालं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करीन आणि जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी राहतो तिथेच केस टाकता येते, तुमच्या शहरात यायची गरज नाही.

फुटलेली पाचर परत मागू नका, फोटो पाठवलेत, ती पुरावा म्हणून माझ्याकडेच राहील. चांगली आहे ती घेऊन जायला कुरिअरवाला पाठवा, खर्च तुमचा.

आपला,
एक ग्राहक, ता. यावल, जि. जळगाव