सूनबाईंचा योहान

पुणे, रविवार

चि. बंडू यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सूनबाईंच्या माहेरच्या अमेरिकेला गेलेल्या पूर्वजाचे तू पाठवलेले कागद कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून मोठे काढून आणले. दोन दिवस जेवणाच्या टेबलावर तेच पसरलेत. तुझी आई म्हणते, रिटायर झाले तरी जमिनीची मोजणी काही सुटली नाही. तिला काय सांगायचं, पण नोकरीतसुद्धा इतकी मजा आली नव्हती.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो, सूनबाईंना तू सौम्य करून सांग. त्यांच्या काकांनी लिहिलंय की त्यांचा मूळपुरुष योहान हा कुणा जर्मन सरदाराचा धाकटा मुलगा होता आणि बंदरावरच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याचं आडनाव बदलून टाकलं. सरदाराचं सोडून दे. आपल्याकडेही ज्याला विचारावं त्याचा पूर्वज महाराजांबरोबर आग्र्याला गेलेला असतो. राहिलं आडनाव. ते बदलणारा अधिकारी कुणी नव्हता. ऐकू येईल तसं लिहिणारा कारकून मात्र होता, आणि कारकुनाची जात मला माहीत आहे.

अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाला, म्हणजे तेव्हाच्या इंग्रजांच्या वसाहतीत, १७२७ च्या सप्टेंबरपासून नियम झाला, की जर्मन मुलुखातून आलेल्या जहाजाच्या कप्तानाने उतारूंची यादी द्यायची आणि सोळा वर्षांवरच्या पुरुषांनी इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ घेऊन सही करायची. पुढे शपथा दोन झाल्या. म्हणजे एकाच माणसाचं नाव तीन कागदांवर सापडू शकतं: एक कप्तानाची यादी, दोन शपथांच्या. कप्तानाच्या यादीत जे आहे ते कुणीतरी कानाने ऐकून इंग्रजी वळणाने लिहिलेलं. जर्मनीतल्या पॅलटिनेट भागाकडच्या बोलीत ब आणि प, ड आणि ट, ग आणि क यांत फारसा फरक पडत नाही, त्यामुळे तिथे काहीही होऊ शकतं. शपथेच्या कागदावर मात्र ज्याला लिहिता येत होतं त्याने स्वतःच्या हाताने लिहिलंय. ज्याला येत नव्हतं त्याचं नाव कारकुनाने लिहिलं आणि त्या गड्याने मध्ये फुली मारली. या याद्या १९३४ साली तीन खंडांत छापल्या आणि एका अख्ख्या खंडात त्या सह्यांचे हुबेहूब ठसे दिलेत. तू त्यातलंच पान पाठवलंस हे फार बरं केलंस. काकांनी कप्तानाची यादी धरली आणि सही पाहिलीच नाही. सातबारा बघायचा आणि फेरफार बघायचा नाही, त्यातलाच हा प्रकार.

आपला योहान लिहिणारा निघाला. फुली नाही!

पण 'योहान' हे काही त्याचं नाव नव्हे. त्या काळी निम्म्या पोरांच्या नावाआधी योहान लावलेलं असे, हाक दुसऱ्या नावाने मारायची. योहान गेऑर्ग असेल तर घरात गेऑर्ग. सख्खे तीन भाऊ तीन योहान. तेव्हा 'योहान' म्हणून कुठे शोधू नकोस, 'गेऑर्ग' म्हणून शोध. बायकांची तर बंदरावर सहीच नाही. योहानची बायको तुला भेटली तर चर्चच्या वहीत, बाप्तिस्म्याच्या नोंदीत भेटेल, आणि तिच्या आडनावाला 'इन' शेपूट असेल. म्युलरची ती म्युलरिन. त्या शेपटाला घाबरून वेगळं आडनाव समजू नकोस.

तारखांचंही तसंच. मोडी कागद वाचताना शुहूर सन, फसली, शक अशी भानगड असते आणि आपण जंत्री घेऊन बसतो. इथे त्याचीच धाकटी बहीण आहे. जर्मनीतल्या प्रॉटेस्टंट संस्थानांनी १७०० सालीच नवं कॅलेंडर घेतलं, इंग्रजांनी १७५२ पर्यंत जुनंच चालवलं, अकरा दिवस मागे. शिवाय इंग्रजांचं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. घरची समजूत योहान १७४९ ला आला अशी आहे ना? मग गाव सोडल्याची तारीख नव्या कॅलेंडरची आणि फिलाडेल्फियाला उतरल्याची जुन्या. प्रवास किती दिवसांचा हे मोजताना काकांनी वजाबाकी सरळ केलीय.

प्रवास सोपा नव्हता. नदीने रॉटरडॅम, तिथून इंग्लंडच्या काऊझ बंदरात कस्टमची मंजुरी, मग समुद्र. गोटलीब मिटेलबर्गर नावाचा एक शाळामास्तर १७५० मध्ये चर्चचा ऑर्गन घेऊन फिलाडेल्फियाला गेला आणि चार वर्षांनी परत येऊन त्याने सगळं लिहिलं. हायलब्रॉनपासून हॉलंडपर्यंत ३६ जकात नाकी, प्रत्येक नाक्यावर नावा अडकून पडायच्या, आणि तेवढ्यात लोकांची शिल्लक खाऊन संपायची. ज्यांच्याकडे जहाजाचं भाडं उरलं नाही ते किनाऱ्याला लागल्यावर तीन ते सहा वर्षांच्या चाकरीच्या करारावर विकले जायचे. नवरा किंवा बायको अर्ध्या वाटेपलीकडे दगावली, तर मागे राहिलेल्याने दोघांचं भाडं फेडायचं. मास्तर जरा कडवट आहे, लोकांनी जाऊ नये म्हणूनच लिहितोय, हे ध्यानात ठेवून वाच. पण उतरल्यावर पाचेक वर्षं योहानचा कुठेच पत्ता लागत नाही म्हणून तू बुचकळ्यात पडलास, त्याचं उत्तर बहुधा या करारात असेल. दुसऱ्याच्या शेतावर राबणाऱ्याच्या नावावर जमीनही नसते आणि करही नसतो.

आता माझ्या प्रांतात येतो. जमीन.

योहानच्या जमिनीच्या त्या नकाशावर आकडे 'पर्च' मध्ये आहेत. मी शोधलं, एक पर्च म्हणजे साडेसोळा फूट. बंडू, मी खुर्चीतून उठलोच. आपली आणे साखळी तेहेतीस फुटांची, तेहेतीस गुणिले तेहेतीस म्हणजे एक गुंठा. म्हणजे गुंठ्याची बाजू बरोब्बर दोन पर्च! चार चौरस पर्च म्हणजे आपला एक गुंठा. इंग्रजाने इथे आणि तिथे एकच माप पेरून ठेवलंय, आणि मी एकतीस वर्षं ते हातात धरून उन्हात हिंडलो. चतुःसीमाही बघ: पांढरा ओक, तिथून अमुक अंश, इतके पर्च, मग हिकरीचं झाड, मग शेजाऱ्याची हद्द. आमच्याकडे बाभूळ आणि दगड, एवढाच फरक.

पण ही जमीन योहानकडे कशी आली तेही नातीला सांग, नुसता ओक सांगू नकोस. तो भाग लेनापी या तिथल्या मूळ रहिवाशांचा. वसाहतीचे मालक असलेल्या पेन घराण्याने जुना कागद दाखवला, की माणूस दीड दिवसात जितकं चालेल तितकी जमीन आमची. मग १७३७ च्या सप्टेंबरात आधी वाट साफ करून घेतली, तीन निवडक चालणारे भाड्याने घेतले. दोघे वाटेत गळाले, एडवर्ड मार्शल नावाचा गडी सुमारे ६५ मैल गेला. मी आयुष्यात पुष्कळ वाकड्या मोजण्या पाहिल्या, काही सांगण्यासारख्या नाहीत, पण पायाने मारलेली इतकी मोठी मजल नाही पाहिली. योहानने पुढे पेनकडून रीतसर पैसे देऊन घेतली असेल. त्याचा कागद स्वच्छच असणार. त्याच्या वरचा, पेनचा कागद मळका.

आणखी एक. नॉर्दम्प्टन काउंटी १७५२ ला झाली, त्याआधी तो सगळा बक्स. जुने कागद नॉर्दम्प्टनच्या मुख्य गावी, ईस्टनला, मिळाले नाहीत म्हणून हात टेकू नकोस, बक्सला विचार. सिंधुदुर्गाचा १९८१ च्या आधीचा कागद रत्नागिरीत शोधावा लागतो, तसंच.

आणि एकट्या योहानच्या मागे लागू नकोस. ही माझी चूक तू करू नयेस. आपली वंशावळ लिहिताना मी दोन गणपतराव एक केले होते, तुला आठवत असेल. दोघांचं नाव एक, बापाचं नाव एक, गाव एक. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत बरोबर आलेल्या माणसांची नावं पाहिली तेव्हा कळलं की माझा गणपत चुलत शाखेचा. तोवर मी तो तक्ता छापून लग्नात वाटला होता. तेव्हा सहीच्या वर-खाली कोण, चतुःसीमेत कोण, पोराच्या बाप्तिस्म्याला साक्षीला कोण, ही नावं वेगळ्या वहीत उतरव. एका गावची माणसं एका जहाजाने जात आणि लागून लागून जमीन घेत. ते शेजारी जर्मनीतल्या ज्या गावच्या चर्चवहीत एकत्र सापडतील, तिथला तुझा योहान.

तुझ्याकडे सध्या दोन गावं आहेत, आणि दोन्हीकडच्या आडनावांत एका अक्षराचा फरक आहे. एकात एन, दुसऱ्यात यू. त्या जुन्या जर्मन वळणात हे दोन्ही एकसारखेच दिसतात, आपल्या मोडीत होतं तसं. फरक एवढाच, की यू वर ते लोक बारीक चंद्रकोर काढत. सहीत त्या अक्षराच्या डोक्यावर काहीतरी आहे. माझ्या प्रिंटमध्ये तो डागही वाटतो. नुसती ती सही, दुसरं काही नको, जितकी मोठी करता येईल तितकी करून पाठव. शक्य झालं तर सोमवारच्या आत, झेरॉक्सवाला मंगळवारी गावाला चाललाय.

सूनबाईंना आणि नातीला आशीर्वाद.

तुझा,
बाबा