झाडलोट करत होती म्हणे!

संपादक महोदय,

कालच्या पुरवणीत जर्मनीतल्या डालहाइम मठातल्या ननच्या दातांवरचा लेख वाचला. दातांतल्या निळ्या रंगावरून ती पोथ्या रंगवणारी असावी, असे सांगणाऱ्या २०१९ च्या त्या संशोधनावर मराठीत कोणी लिहिले, याचा आनंद झाला. पण शेवटच्या परिच्छेदात लेखक महाशय म्हणतात, ही बाई 'रंगकामाच्या खोलीत झाडलोट करणारीही असू शकेल'. चहा तसाच निवला.

पंचेचाळीस ते साठ वयाची बाई, मरून साधारण हजार वर्षे झालेली. तिच्या दातांच्या किटणात लाजवर्द या निळ्या दगडाचे शंभराहून जास्त कण! अफगाणिस्तानातून येणारा हा दगड, त्याचा रंग सोन्याच्या तोलाचा. तो केरात जाईल इतका कोण सांडतो? रंग कुटताना तोंडात गेला असेल म्हणा, संशोधकांनीही ती शक्यता धरली आहे. पण केरसुणी कुठून आली?

मी बत्तीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवली. बारीक रेघ मारायची तर ब्रश ओठांत फिरवून टोक काढावे लागते. शेजारी पाण्याचा पेला असला तरी हात तोंडाकडेच जातो. एका स्नेहसंमेलनासाठी मी आठ रात्री बसून पडदा रंगवला, जंगल आणि त्यावर चांदणे. खालच्या ओठावर निळी रेघ इतकी बसली की वर्गातल्या मुली खुदखुदायच्या. अहवालात काय छापले? 'नेपथ्य' खाली एका सरांचे नाव आणि खाली 'सहकार्य : शिक्षिकावृंद'. सर पडदा बांधायला शिडीवर चढले होते, एवढे मात्र खरे.

बाराव्या शतकातली गुडा ही नन शहाणी. अक्षराच्या वेटोळ्यात स्वतःचे चित्र काढून तिने 'पापी स्त्री गुडा हिने हे पुस्तक लिहिले व रंगवले' असे लिहूनच ठेवले. तुमच्या लेखात तिला एक ओळ मिळायला हरकत नव्हती. डालहाइमचा मठ चौदाव्या शतकात जळाला. तिथले पुस्तक एकही हाती नाही, म्हणून तर दात खरवडायची वेळ आली.

जाता जाता : लेख निळ्या रंगावरचा आणि सोबतचा फोटो काळापांढरा? त्याच पानावरची टू बीएचकेची जाहिरात मात्र झकास रंगीत होती. आकाश तर अगदी लाजवर्दी.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका, सांगली