पाण्याकाठच्या जेवणासाठी आभार

गेल्या रविवारी दुपारी आमचे कुटुंब पाण्याकाठच्या एका थाई उपाहारगृहात जेवायला गेले होते. तेथे ज्यांनी आम्हांला साहाय्य केले आणि ज्यांची नावे आम्हांला ठाऊक नाहीत, त्या सर्वांचे आम्ही जाहीर आभार मानतो.

सर्वांत मोठे ऋण वाढणाऱ्या ताईंचे आहे. सासूबाई पूर्ण शाकाहारी आहेत आणि धाकट्या मुलाला शेंगदाणे चालत नाहीत, हे सांगताच त्यांनी नुसती मान डोलावली नाही, तर थाई स्वयंपाकात खारटपणासाठी माशांपासून केलेले 'नाम प्ला' वापरतात, करीच्या वाटणात बहुधा आंबवलेली कोळंबी असते आणि 'सोम तम' या कच्च्या पपईच्या कोशिंबिरीत शेंगदाण्यांबरोबर सोडेही पडतात, हे शांतपणे समजावून सांगितले. भाजी घातली की पदार्थ शाकाहारी झाला, असे मानणारी ठिकाणे पाहिलेल्या आम्हांला ही दक्षता फार मोलाची वाटली. आचाऱ्यांनी तर वेगळ्या पातेल्यात गवती चहा, गलांगल हा आल्यासारखा कंद आणि मकरूट लिंबाची पाने घालून नारळाच्या दुधाचे निराळे सूप केले. सासूबाईंनी ते पुन्हा मागून घेतले. आमच्या घरात यापेक्षा मोठी पावती नाही.

सासऱ्यांची चाकांची खुर्ची पायऱ्यांवरून उचलणारे दोन तरुण, तसेच स्वतःचे जेवण अर्धे झालेले असताना पाण्यालगतचे टेबल आम्हांला देणारे दांपत्य, यांचेही आम्ही ऋणी आहोत. त्या दांपत्याने आम्ही देऊ केलेला आंबा-चिकट भातही स्वीकारला नाही. ती बशी अर्थातच मुलांनी संपवली.